मी गाळलेली वाक्यं

त्या मंगळवारी लायब्ररीत पोचलो तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते बरंचसं त्या खुशीमुळे झालं असं आता वाटतं.

आमच्या कंपनीत वर्षाकाठी काही तास समाजकार्यासाठी पगारी मिळतात. बरेच जण झाडं लावायला जातात, नाहीतर अन्नाची पाकिटं भरायला. मीही दोन वर्षं पाकिटं भरली. मग इथल्या, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत एक पत्रक दिसलं: हिंदी, मराठी, गुजराती, तेलुगू बोलणारी माणसं हवीत. काम एका छोट्या संस्थेचं होतं. ज्यांचं घर अजून गेलेलं नाही पण जायच्या बेतात आहे, अशा माणसांना आधीच गाठायचं. दर मंगळवारी दुपारी लायब्ररीच्या एका खोलीत संस्थेच्या बाई टेबल मांडून बसत. कोणाची नोकरी गेलेली असे, कोणाचं नवऱ्याशी पटेनासं झालेलं, कोणाला घरमालकाचं पत्र आलेलं. बाई अर्धा तास शांतपणे ऐकून घेत, कागद भरत, मग फोनला लागत. कधी घरमालकाशी बोलणं, कधी एखाद्या महिन्याचं भाडं, कधी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरातली रिकामी खोली. बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की घर गेल्यावर सगळंच किचकट होतं. नोकरीच्या अर्जावर पत्ता लागतो, अंघोळ करून जावं लागतं, औषधं कुठेतरी ठेवावी लागतात. म्हणून आधी.

दुभाष्यांना त्यांनी दोन तास शिकवलं. माणूस जे बोलेल ते सगळं सांगायचं, आपल्याला महत्त्वाचं वाटो न वाटो. आपल्या मनाचं घालायचं नाही. माणूस ओळखीचा निघाला तर आधी तसं सांगायचं. मी मान डोलवत होतो. मनात म्हणत होतो, यात शिकवण्यासारखं काय आहे? माझं सतरा वर्षांचं काम तेच आहे. मीटिंगमध्ये क्लायंट जे बोलतो ते टीमला सांगायचं, टीमची अडचण क्लायंटला सांगायची. फक्त ते काम मी कसं करतो, हे मी त्या दोन तासांत आठवून बघितलं नाही. क्लायंट म्हणतो, हे काम भिकार आहे. मी टीमला सांगतो, थोडे बदल सुचवलेत. टीम म्हणते, हे डिसेंबरपर्यंत होणं शक्य नाही. मी क्लायंटला सांगतो, आम्ही बघतो. या गुणावर मला दोनदा प्रमोशन मिळालं आहे.

तर त्या मंगळवारी, नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात, खोलीचं दार उघडून मावशी आत आल्या.

लायब्ररीत नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांचा एक वर्ग चालतो. त्या वर्गाच्या शिक्षिका त्यांना हाताला धरून घेऊन आल्या होत्या. मावशींनी आदल्या गुरुवारच्या वर्गात मोडक्या इंग्रजीत त्यांना काहीतरी सांगितलं होतं, आणि शिक्षिकेला ते नीट न समजताही काळजी वाटली होती. मला बघून मावशींचा चेहरा एकदम सुटला.

"अगं बाई, दादा तुम्ही? मग बरंच झालं. मी म्हटलं आता काय बोलू मी या गोऱ्या बाईशी."

मी हसलो.

या मावशी आमच्या घरी राहिलेल्या. माझ्याहून जेमतेम आठ वर्षांनी मोठ्या, पण इथे स्वयंपाकाला किंवा मुलांना सांभाळायला येणाऱ्या बाईला सगळेच मावशी म्हणतात. मूळ कराडच्या बाजूच्या. त्यांच्या बहिणीने ग्रीन कार्डसाठी अर्ज केला तेव्हा त्या तिशीत होत्या, बोलावणं आलं तेव्हा पंचेचाळिशी उलटलेली आणि मधल्या काळात नवरा गेलेला. त्या बहिणीकडे आल्या. दोन वर्षांत बहीण गेली, भाऊजी मुलाकडे टेक्सासला राहायला गेले आणि मावशी इथे उरल्या. तेव्हापासून त्या लोकांच्या घरांत राहतात. कोणाकडे बाळ झालं, कोणाकडे आजारी माणूस आहे, की तिकडे. राहणं, जेवणं त्याच घरात. काम संपलं की पुढचं घर. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे सगळं जमतं. मावशी एका घरातून दुसऱ्या घरी दिल्या जातात, आणि देणारा घेणाऱ्याला आवर्जून सांगतो: अगदी घरच्यासारख्या राहतात हं.

आमच्याकडे त्या चौदा महिने होत्या. माझी आई इथे आलेली असताना तिला अर्धांगवायू झाला आणि परत नेता आलं नाही. मावशींनी तिला भरवलं, कूस बदलली, केस विंचरले. मी ऑफिसातून येईपर्यंत दोघी बेसमेंटच्या खोलीत गावाकडच्या गप्पा मारत असत. आई गेली. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मावशी दुसऱ्या घरी गेल्या. आम्ही त्यांना साडी दिली, हातात पाकीट दिलं, बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या दोन बॅगा मीच गाडीत ठेवल्या आणि मीच त्यांना सोडून आलो. आपण चांगलं वागलो असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्या नोव्हेंबरात त्या माझ्या एका मित्राकडे होत्या. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, गणपतीत मखर करायला दरवर्षी माझ्याबरोबर. त्याच्या बाळाच्या बारशाला मावशींच्या हातचं श्रीखंड मी दोनदा मागून घेतलं होतं.

बाईंनी विचारायला सुरुवात केली. माणूस ओळखीचा आहे असं मी सांगितलं का? सांगितलं, पण "आमच्या समाजातल्या आहेत" एवढंच. त्या माझ्या आईजवळ बसायच्या हे सांगितलं नाही.

बाईंनी विचारलं, सध्या कुठे राहता, तिथे किती दिवस राहता येईल, तिथून निघावं लागलं तर जायला जागा आहे का. मी मराठीत विचारलं. ते नीट विचारलं, त्यात काही गाळलं नाही.

मावशी बोलायला लागल्या. त्या काय म्हणाल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर ते मला पुन्हा सांगावं लागलं.

"बाळाला फेब्रुवारीपासून डे-केअर मिळालंय. साहेब म्हणाले, मावशी, तोवर बघा कुठं ते. कुठं बघू मी? आधी एक घर सुटलं की दुसरं तयार असायचं. आता कुणी घेत नाही, पोरं सगळी डे-केअरला जातात, नोकऱ्या जातायत लोकांच्या. जानेवारीत त्यांचे आईवडील येणारेत, तेव्हा माझी खोली त्यांना लागणार. ताई म्हणाल्या, हॉलमध्ये झोपा. ते मी झोपीन. पण पुढं काय? या देशात माझ्या नावावर एक चिठ्ठी येत नाही, दादा. मला भीती वाटती. हे बाईंना सांगा, मला भीती वाटती म्हणून."

एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाईही माझ्याकडे बघत होत्या, पेन हातात धरून.

त्या वेळी मी काय विचार केला हे प्रामाणिकपणे लिहायचं तर, मावशींचा विचार मी शेवटी केला. पहिल्यांदा मित्र आठवला. हॉलमध्ये झोपा, हे वाक्य इंग्रजीत केवढं भयंकर वाटेल. बाईंना वाटेल, ही भारतीय माणसं घरात एका बाईला राबवून घेतात आणि मग हाकलून देतात. ते तसं नाहीये, असं मला त्यांना सांगायचं होतं. मग माझं घर आठवलं. चौथा दिवस आठवला. आणि माझ्या तोंडून निघालं, की या एका ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे राहतात, तिथे त्या घरच्यासारख्याच आहेत, पुढच्या वर्षी कामाचं स्वरूप बदलेल म्हणून जरा काळजीत आहेत, पण आमच्या समाजात अशा वेळी लोक सोय करतात.

बाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, त्या बऱ्याच बोलल्या. एवढंच म्हणाल्या का?

"आमच्या भाषेत जरा जास्त शब्द लागतात," मी म्हणालो.

हे वाक्य मी किती सहज बोललो. थोडा हसलोसुद्धा.

बाईंनी मावशींना एक कार्ड दिलं, काही बदललं तर फोन करा म्हणाल्या, आणि मावशींचा नंबर लिहून घेतला. कागदावर कुठल्यातरी चौकोनात खूण केली. राहण्याची जागा स्थिर, अशा अर्थाचा तो चौकोन होता हे मला नंतर कळलं.

बाहेर आल्यावर मावशींनी विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"आम्ही बघतो म्हणाल्या. तोवर मीही आपल्या लोकांत विचारतो ना. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मी विचारलंही. त्याच दिवशी ग्रुपवर टाकलं: 'एक्सलंट मावशी अव्हेलेबल फ्रॉम फेब्रुवारी. स्वयंपाक उत्तम, बेबी आणि सीनियर्स दोन्ही. लिव्ह-इन. घरच्यासारख्या राहतात.' सतरा जणांनी अंगठे दिले. मित्राला फोन केला.

"अरे यार, तू उगाच गिल्ट घेऊन बसतोस," तो म्हणाला. "आम्ही काय त्यांना रस्त्यावर टाकतोय का? फेब्रुवारी लांब आहे. आणि त्यांची माणसं आहेत ना टेक्सासला."

"भाऊजींशी त्यांचं बोलणं नाहीये रे."

"मग बोलतील ना. फॅमिली आहे शेवटी."

बायकोने एकदा विषय काढला. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आपल्याकडे या म्हणू का त्यांना? खालची खोली पडूनच आहे."

खालच्या खोलीत आता माझी ट्रेडमिल आहे आणि घरून काम करायचं टेबल. मी म्हणालो, "एकदा आल्या की जा कसं म्हणणार? आणि काम काय देणार त्यांना?"

"काम द्यायलाच पाहिजे का?"

"मग त्यांनाच ऑकवर्ड होईल," मी म्हणालो.

तिने पुढची पोळी लाटायला घेतली. मला तो विषय संपल्यासारखा वाटला.

फेब्रुवारी आला आणि गेला. मी बोलता बोलता मित्राला विचारलं, मावशींचं झालं का काही? तो म्हणाला, हो हो, त्या एका कुटुंबाकडे गेल्या. बस्स. मी मंगळवारी लायब्ररीत जात होतो. त्या हिवाळ्यात एका तेलुगू कुटुंबाला आम्ही घरमालकाच्या नोटिशीतून वाचवलं. मी चार पत्रं त्यांना हिंदीत समजावून दिली होती. त्या गोष्टीचा उल्लेख मी वर्षअखेरच्या माझ्या कामाच्या आढाव्यात केला, मॅनेजरने दोन वाक्यांत कौतुक केलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी, मला शिकागोला जायचं होतं. बर्फ पडून गेलेलं आणि वारा असा की गाडीपासून स्टेशनच्या दारापर्यंत जाताना कान बधिर झाले. आत शिरलो तर कोपऱ्यातल्या बाकावर मावशी बसलेल्या. अंगात कोणाचंतरी पुरुषी जाकीट, शेजारी त्याच दोन बॅगा. मी ओळखल्या. मी उचलल्या होत्या त्या.

"मावशी, इथे कशा?"

"बसलेय जरा," त्या म्हणाल्या. "एकजण यायचेत घ्यायला."

"सध्या कुठे असता?"

"आहे सोय."

"झाली ना सोय?"

"झाली की."

बाहेर ट्रेनची घंटा वाजायला लागली. दारापाशी लोक उठून उभे राहिले. त्यांच्या बॅगा मला दिसत होत्या, सकाळचे सात वाजले होते, आणि त्यांना घ्यायला कोणी येणार नव्हतं हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "बरं, मग फोन करतो," आणि गाडीत जाऊन बसलो. जागा खिडकीशी मिळाली.

बायकोला मेसेज केला: मावशी दिसल्या स्टेशनवर. ठीक आहेत.

तिचं उत्तर आलं: बॅगा होत्या का?

मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. तीन स्टेशनं गेल्यावर लिहिलं, हो. ती कामावरून सुट्टी घेऊन स्टेशनवर गेली. तोवर मावशी तिथे नव्हत्या. फोन लावला तर बंद. मग कळलं की तो फोन माझ्या मित्राच्या फॅमिली प्लॅनवर होता आणि काम संपलं तसा त्याने जानेवारीअखेर तो कॅन्सल केला होता. त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. म्हणजे बाईंनी नोव्हेंबरात लिहून घेतलेला तो नंबर महिनाभर मेलेला होता.

संध्याकाळी घरी आलो तर बायको जेवणाच्या टेबलाशी बसलेली, समोर ताट नाही.

"लायब्ररीत परक्या लोकांना चार प्रश्न विचारतोस ना तू," ती म्हणाली. "आज तिला काय विचारलंस?"

मी सांगितलं.

"'झाली ना'," ती म्हणाली. "असं विचारल्यावर ती काय सांगणार होती तुला?"

पुढचे चार दिवस मी फोन करत होतो. मित्राने सांगितलेल्या कुटुंबाने मावशींना दोन आठवडे ठेवलं होतं. मग ते भारतात गेले. जाताना विचारलं होतं, सोय झाली ना? त्यांनी एका काकूंचं नाव सांगितलं. काकूंकडे त्या पाच दिवस होत्या. काकू म्हणाल्या, "अहो, मी विचारलं की त्यांना, पुढची सोय आहे ना म्हणून. हसून हो म्हणाल्या." आम्ही सगळे चांगली माणसं. सगळ्यांनी साडी नाहीतर पाकीट दिलं होतं, सगळ्यांनी बॅगा गाडीपर्यंत नेल्या होत्या.

मंगळवारी मी लायब्ररीत अर्धा तास आधी गेलो. बाई टेबलावर कागद लावत होत्या. मी म्हणालो, नोव्हेंबरमध्ये इंग्रजीच्या वर्गातून एक मराठी बाई आल्या होत्या. त्या तेव्हा जे बोलल्या ते मी तुम्हाला सांगितलं नाही.

मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, त्या दिवसाचा कागद शोधून काढला आणि पाठीमागची कोरी बाजू वर केली. म्हणाल्या, काय बोलल्या होत्या ते आता सांगा.

मग मी सांगितलं. एकेक वाक्य. डे-केअर. बघा कुठं ते. खोली आईवडिलांना लागणार. हॉलमध्ये झोपा. माझ्या नावावर एक चिठ्ठी येत नाही. त्या लिहीत होत्या. 'मला भीती वाटती' इथे मी थांबलो. त्याही थांबल्या, पण पेन खाली ठेवलं नाही. मी ते वाक्य सांगितलं, आणि 'हे बाईंना सांगा' हेही सांगितलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. सगळी वाक्यं इंग्रजीत व्यवस्थित होत होती. भाषेची अडचण कुठेच नव्हती.

मग मावशी माझ्या घरी राहिल्या होत्या, तेही सांगितलं.

बाईंनी लिहिलेलं एकदा वाचून काढलं. मग म्हणाल्या की नोव्हेंबरात त्यांच्याकडे एक खोली होती. शेजारच्या ऑरोरात एक आजी एकट्या राहायच्या, त्यांना घरात कोणीतरी सोबत हवी होती, भाडं अगदी थोडं. आजींना स्वयंपाक जमत नव्हता. ती खोली डिसेंबरात दुसऱ्या कोणाला गेली. त्यांनी हे मला टोचायला सांगितलं नसावं. मी विचारलं नव्हतं तरी सांगितलं एवढं खरं. आणि मग शांतपणे म्हणाल्या की यापुढे दुभाषा म्हणून मला बोलावता येणार नाही. मी म्हणालो, बरोबर आहे.

मावशी सापडल्या त्या इंग्रजीच्या वर्गात. एवढ्या सगळ्यात त्यांनी तो वर्ग चुकवला नव्हता; दर गुरुवारी दोन बॅगा दाराशी ठेवून पहिल्या रांगेत बसत. बाई तिथे गेल्या, फोन स्पीकरवर ठेवला, आणि कुठल्याशा दुसऱ्या राज्यातून एक मराठी मुलगी फोनवर दुभाष्याचं काम करत होती. मी लायब्ररीच्या बाहेर गाडीत बसून होतो. आत यायचं नाही असं मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

त्या एका मोटेलमध्ये चादरी धुवायचं काम करत होत्या. आधी रात्री तिथल्याच कपड्यांच्या खोलीत झोपू देत. नवीन मॅनेजर आला, त्याने ते बंद केलं. मग कधी कोणाकडे, कधी पहाटेपासून स्टेशनवर, कारण तिथे हीटर असतो. खोली मिळायला पाच आठवडे लागले. त्यातले तीन त्या चर्चच्या हॉलमध्ये झोपल्या, ओळीने मांडलेल्या गाद्यांवर, अनोळखी बायकांमध्ये. त्यांच्या एका बॅगेतून तिथे काही वस्तू गेल्या. बहिणीचे फोटो त्यात होते.

त्या पाच आठवड्यांत एकदा वर्ग सुटल्यावर मी त्यांना गाठलं. लायब्ररीच्या दारातल्या बाकावर आम्ही बसलो. मी सांगितलं, मावशी, त्या दिवशी मी तुमचं बोलणं बाईंना नीट सांगितलं नाही. मी त्यात खोटं घातलं.

"माहितेय मला," त्या म्हणाल्या.

"बाईंनी सांगितलं?"

"नाही. तेव्हाच कळलं होतं. माझ्या मनातलं सांगताना तुमचं तोंड एवढं हसरं कसं दिसेल, दादा?"

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"कुणाशी बोलू? इंग्रजी तुमच्याकडं होती." त्यांनी बॅगेचा पट्टा हातावर गुंडाळला, सोडला. "आणि म्हटलं, आईंचं केलं मी, तर हे काहीतरी करतील. त्या भरवशावर गप्प बसले. ती माझी चूक."

"तुमची नाही."

"बरं, नाही."

मग मी म्हणालो, खालची खोली रिकामी करतो, आजच चला, काम काही करायचं नाही. हे बोलताना मला खरंच वाटत होतं की त्या हो म्हणतील आणि काहीतरी भरून निघेल.

"नको," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं आले की सकाळी उठून मी चहा टाकणार, ताई नको नको म्हणणार, आणि आठ दिवसांत पोळ्या माझ्याकडं येणार. मला आता कुणाच्या घरी घरच्यासारखं राहायचं नाही. त्या फोनवरच्या पोरीला मी सांगितलंय, मला खोली पाहिजे. लहान चालेल. तिनं बरोबर तसंच सांगितलं बाईंना. बाईंनी मान हलवली तेव्हाच मला समजलं."

रागावून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना मोटेलवर जायचं होतं आणि बसची वेळ झाली होती. गाडीने सोडतो म्हटलं तर म्हणाल्या, बस माहितेय मला.

मे महिन्यात मंडळाच्या सभेत मी हे सगळं सांगितलं. मित्राचं नाव घेतलं नाही, पण तो समोर बसला होता आणि सगळ्यांना माहीत होतं. माझ्या घराचं मात्र सगळं सांगितलं. मी एवढंच सुचवलं की ग्रुपवर कोणी मावशींबद्दल टाकलं तर त्यात एक ओळ हवी: काम संपल्यावर त्या कुठे राहणार. आणि काम ठरवतानाच ते ठरवावं, संपताना नव्हे. संस्थेच्या बाईंचा नंबर मी कागदावर छापून नेला होता. मग एक काका म्हणाले, "हे जरा पर्सनल होतंय. आपण पुढच्या विषयाकडे जाऊ या." पुढचा विषय हॉलच्या बुकिंगचा होता. बाहेर पार्किंगमध्ये मित्राने मला गाठलं. म्हणाला, "माझ्या आईसमोर तू मला खुनी ठरवलंस." मी म्हणालो, मी स्वतःबद्दल बोलत होतो. तो म्हणाला, "तेच तर. तू कबूल करून मोकळा झालास. आता आम्ही काय करायचं?" तो गणपतीच्या मखराला यंदा येणार नाही असं कळलंय. छापलेल्या कागदांपैकी दोन कोणीतरी नेले, कोणी ते माहीत नाही.

जूनमध्ये मी मावशींच्या खोलीवर गेलो. पत्ता त्यांनीच बायकोला फोनवर दिला होता, नव्या नंबरावरून. ऑरोरातल्या एका जुन्या घराचा वरचा मजला, तिथे तीन बायका तीन खोल्यांत राहतात, स्वयंपाकघर सामायिक. मी तांदळाची पिशवी आणि आईची एक जुनी शाल घेऊन गेलो होतो. दुपारचे दोन वाजले होते. त्या मोटेलवर पहाटे चारला जातात, त्यामुळे नुकत्याच येऊन अंघोळ करून बसल्या होत्या. खोलीत एक पलंग, खिडकीशी एक खुर्ची, भिंतीवर इंग्रजीच्या वर्गातला कागद चिकटवलेला, त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला पत्ता.

खुर्ची त्यांनी मला दिली. ताईची चौकशी केली, माझ्या गुडघ्याची केली. शाल हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "ही राहू दे तुमच्याकडं. मला बघवायची नाही." तांदूळ ठेवून घेतले. मी बोलत होतो: मंडळात काय झालं, संस्थेने आता तेलुगूसाठी एक नवीन माणूस घेतला, बाईंना मी पत्र लिहिलं. मी बराच वेळ बोलत असणार, कारण त्यांनी दोनदा जांभई दाबली आणि मला ती दिसूनही मी बोलतच राहिलो. मला अजून काहीतरी ऐकायचं होतं. काय, ते मला माहीत होतं, त्यांनाही असावं.

त्या उठल्या. तांदळाची पिशवी पलंगाखाली सरकवली आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, आता निघा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला झोपायचंय."

मी उठलो. चपला बाहेर होत्या, त्या वाकून घालेपर्यंत दार लागलं होतं आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. मी जिना उतरलो.